पाऊणपट लयीत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. माझ्याकडे सात वर्षे गाणे शिकलेली एक विद्यार्थिनी एके संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली. एका वृत्तवाहिनीत निवेदिका म्हणून तिची निवड व्हायच्या बेतात होती. उच्चार स्वच्छ, मराठी चांगले, गुजराती आणि हिंदीही सफाईची. अडचण एवढीच होती की, परीक्षकांच्या मते तिचा आवाज फार खाली होता आणि बोलणे फार सावकाश. महिन्या-दोन महिन्यांत दोन्ही चढवून आणा, असे तिला सांगण्यात आले होते. "गुरुजी, एवढे तुम्हीच करून द्या," असे म्हणून ती पाया पडली.

विद्यार्थिनीने मागावे आणि गुरूने "हे मला येत नाही" म्हणावे, हे आमच्या धंद्यात सहसा घडत नाही. मी होकार दिला. एरवी तिचे बोलणे मंद्रातल्या पंचमाच्या आसपास, आरामात बसलेले असे. ते मी रोज थोडेथोडे वर ओढू लागलो. लयीसाठी तालयंत्र लावून वर्तमानपत्राचे उतारे वाचून घेऊ लागलो. आज मध्य लय, उद्या त्याहून थोडी चढी. मुलगी मेहनती होती. सहा आठवड्यांत ती हवे तसे वाचू लागली आणि तिसऱ्या महिन्यात तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी स्वररज्जूंना सूज असल्याचे सांगून पंधरा दिवसांचे मौन दिले.

मौनातही तिने शिकवणी चुकवली नाही. येई, तानपुऱ्याजवळ बसे, दुसऱ्या मुलांचे ऐके. एके दिवशी तिने वहीत लिहून दाखविले, "गुरुजी, हे ऐका." आणि आपला मोबाइल माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चित्रात जाड काळ्या चौकटीचा चष्मा घातलेले, मिशा राखलेले एक गृहस्थ बाह्या वर करून टेबलाशी बसले होते. ते वॉल्टर क्रॉन्काइट. अमेरिकेच्या सीबीएस या कंपनीवर त्यांनी १९६२ ते १९८१ अशी एकोणीस वर्षे सायंकाळच्या बातम्या सांगितल्या.

अमेरिकेतल्या वृत्तनिवेदकाशी बडोद्यातल्या गाण्याच्या मास्तराचा काय संबंध, असे वाचक विचारतील. तो संबंध मला दुसऱ्या दिवशी कळला. या गृहस्थांविषयी वाचताना एक आकडा हाती लागला. सर्वसाधारण अमेरिकन माणूस मिनिटाला सुमारे १६५ शब्द बोलतो. क्रॉन्काइट यांनी मात्र बातम्या सांगताना मिनिटाला १२४ शब्द, या गतीची स्वतःला मुद्दाम सवय लावून घेतली होती. ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द नीट कळावा एवढाच हेतू. मी कागदावर भागाकार केला आणि थक्क झालो. १६५ ला १२४ म्हणजे जवळजवळ बरोबर चाराला तीन. आम्ही ज्याला पाऊणपट लय म्हणतो, ती हीच!

ज्यांनी ताल हाताने धरला आहे त्यांना माहीत आहे, की दुपटीत जाणे सोपे आणि पाऊणपटीत राहणे कठीण. दुगुनीत उत्साह आपोआप हात धरून ओढतो. पाऊणपटीत प्रत्येक मात्रेला स्वतःला आवरावे लागते. चार मात्रांच्या जागेत तीनच अक्षरे, आणि तरीही कोठे पोकळी वाटता कामा नये. हा मनुष्य एकोणीस वर्षे रोज संध्याकाळी, देशात काहीही घडो, त्या लयीत बसला कसा, हे शोधण्याची मला ओढ लागली.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ चा, मिसूरी राज्यातल्या सेंट जोसेफ या गावचा. वडील दातांचे डॉक्टर. मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंब टेक्सासमधल्या ह्यूस्टनला गेले. पुढे ऑस्टिनच्या विद्यापीठात त्यांनी नाव घातले, पण वर्तमानपत्रांच्या नादात १९३५ मध्ये पदवी न घेताच ते सोडले. मग कॅन्सस सिटीच्या एका नभोवाणी केंद्रावर नोकरी धरली. तेथे फुटबॉलच्या सामन्यांचे वर्णन ते स्टुडिओतच बसून करीत. तारेने त्रोटक मजकूर येई आणि त्यावरून सारे मैदान आवाजाने उभे करावयाचे. म्हणजे आवाजाने नसलेले दाखविता येते, हे त्यांना पंचविशीच्या आतच पुरते ठाऊक झाले होते. पुढच्या आयुष्यात त्यांनी ही विद्या वापरण्याचे टाळले, हे विशेष.

त्याच केंद्रावरचा एक प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. केंद्राच्या एका अधिकाऱ्याला घरून बायकोचा फोन आला, की आग लागली आहे आणि त्यात माणसे दगावली आहेत. अधिकारी म्हणाला, ताबडतोब सांगून टाका. क्रॉन्काइट यांनी अग्निशामक दलाला विचारण्यासाठी फोन उचलला. "माझ्या बायकोने सांगितले असताना विचारायचे कशाला?" अशा थाटात अधिकारी स्वतःच ध्वनिक्षेपकापुढे गेला आणि बातमी देऊन मोकळा झाला. आग किरकोळ होती, कोणीही मेले नव्हते. नोकरी मात्र क्रॉन्काइट यांची गेली.

मला हा प्रसंग त्यांच्या साऱ्या जीवनाचा षड्ज वाटतो. तो एकदा लागल्यावर पुढचे स्वर आपोआप आपापल्या जागी बसत गेले. युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत ते शिरले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका पाहिली, फेब्रुवारी १९४३ मध्ये बॉम्बफेकी विमानात बसून जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनवरच्या हल्ल्यात गेले, सप्टेंबर १९४४ मध्ये सैनिकांबरोबर ग्लायडरमधून हॉलंडमध्ये उतरले. युद्धानंतर न्यूरेंबर्गचे खटले आणि १९४६ ते १९४८ मॉस्कोची कचेरी. वृत्तसंस्थेचा शिरस्ता असा, की बातमी सर्वांच्या आधी हवी, पण त्याआधी ती खरी हवी. ही तालीम अंगात मुरवून १९५० मध्ये ते सीबीएसमध्ये आले तेव्हा कोरियाचे युद्ध चालू होते. नकाशा आणि खडू घेऊन ते वॉशिंग्टनच्या प्रेक्षकांना आघाडीची हालचाल समजावून देऊ लागले. शाळामास्तरच म्हणा ना!

दूरचित्रवाणीवरच्या मुख्य निवेदकाला इंग्रजीत 'अँकर' म्हणजे नांगर म्हणण्याची चाल १९५२ च्या पक्षअधिवेशनांच्या वेळी त्यांच्या कामावरून रुळली. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. नांगर दिसण्यासाठी नसतो. तो पाण्याखाली असतो आणि वर लाटा कशाही उसळल्या तरी नावेला जागा सोडू देत नाही. पण हे बिरुद मिळाले म्हणून वाट लगेच सोपी झाली, असे नाही. १९५४ मध्ये त्यांना सकाळच्या एका करमणुकीच्या कार्यक्रमात सिंहाच्या बाहुलीबरोबर गप्पा माराव्या लागल्या. आमच्या गवयांना लग्नाच्या मांडवात गावे लागे, तसेच ते.

१६ एप्रिल १९६२ रोजी सायंकाळच्या बातम्या त्यांच्याकडे आल्या. तेव्हा तो कार्यक्रम पंधरा मिनिटांचा होता. २ सप्टेंबर १९६३ पासून तो अर्ध्या तासाचा झाला. त्यांनी नुसते वाचणे पत्करले नाही. व्यवस्थापकीय संपादक हे पदही मागून घेतले. दुसऱ्याने बांधलेली चीज गाण्यास हरकत नाही, पण ती तपासून घेण्याचा हक्क माझा, असा त्याचा अर्थ.

आणि मग २२ नोव्हेंबर १९६३ चा दिवस आला. विद्यार्थिनीने मला दाखविलेली चित्रफीत त्याच दिवसाची होती. डलासमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्याची वार्ता आली, तेव्हा दुपारची मालिका चालू होती. त्या काळचे कॅमेरे तापून तयार व्हायला वेळ लागे. म्हणून प्रथम पडद्यावर नुसती पाटी आणि मागून क्रॉन्काइट यांचा आवाज. चेहरा दिसू लागला तो काही मिनिटांनी. त्यानंतरच्या वेळात मृत्यूच्या वार्ता चहूकडून येऊ लागल्या. धर्मगुरूंनी असे सांगितले, रुग्णालयातून तसे समजते. त्यांच्याच कंपनीच्या नभोवाणीने तर मृत्यू जाहीरही करून टाकला. हा मनुष्य मात्र प्रत्येक वेळी सांगत राहिला, की याला अधिकृत दुजोरा अजून नाही.

अखेर हातात कागद आला. त्यांनी चष्मा चढविला आणि वाचले, की अध्यक्ष केनेडी मध्य विभागाच्या वेळेनुसार दुपारी एक वाजता मरण पावले. चष्मा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि हिशेब करून सांगितले, पूर्व विभागाचे दोन, म्हणजे सुमारे ३८ मिनिटांपूर्वी. एवढे बोलून ते थांबले. आवंढा गिळला. चष्मा परत चढविला आणि उपाध्यक्ष जॉन्सन यांच्याविषयीचे पुढचे वाक्य सुरू केले.

हे मी किती वेळा ऐकले, ते सांगायची मला लाज वाटते. ते थांबणे दोन-तीन सेकंदांचेच आहे. गवई समेच्या आधी थांबतो तेव्हा आता सम येणार हे त्याला ठाऊक असते, आणि श्रोत्यांनी वाहवा करावी अशी थोडी इच्छाही असते. येथे तसे काही नाही. गळा दाटून आला, म्हणून थांबणे झाले; आणि अर्थ पोचवायचा राहिला होता, म्हणून पुढे जाणे झाले. आपल्या संगीतशास्त्रात काकु म्हणून एक कल्पना आहे. शब्द तेच, पण आवाजाच्या विकाराने भाव पालटतो. क्रॉन्काइट यांची काकु त्या घड्याळाकडे पाहण्यात आहे. दुःखाच्या ऐन शिखरावर माणसाने वेळेचा हिशेब अचूक सांगावा, यातच त्या दुःखाची खोली कळते.

आमचे वडील बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यातल्या अगदी शेवटच्या पिढीतले गवई. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते. मी त्यांना फार उशिरा झालेला मुलगा. दरबाराच्या गोष्टी सांगताना ते गवयांपेक्षा चोपदाराचे कौतुक अधिक करीत. म्हणत, "चोपदाराने नाव पुकारले की सभा शांत व्हायची. पण चोपदाराकडे कोणी बघत नसे. ज्याचे नाव पुकारले, त्याच्याकडे बघत. तो आवाज खरा." लहानपणी मला यात काही विशेष वाटले नव्हते. त्या चित्रफितीने वडिलांचे म्हणणे मला नव्याने ऐकविले.

याचा अर्थ क्रॉन्काइट यांनी आपले मत कधीच सांगितले नाही, असा नव्हे. १९६८ च्या प्रारंभी व्हिएतनाममध्ये टेटचा मोठा हल्ला झाला. ते स्वतः तेथे जाऊन आले आणि २७ फेब्रुवारी १९६८ च्या खास कार्यक्रमाच्या शेवटी त्यांनी सांगितले, की हे युद्ध कोंडीत अडकले आहे आणि सन्मानाने वाटाघाटी करणे हाच मार्ग दिसतो. परंतु ते सांगण्यापूर्वी, आता मी जे बोलतो आहे ते माझे स्वतःचे मत आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. राग बदलण्यापूर्वी गवयाने तानपुरा नव्याने मिळवून घ्यावा, तसे. हे ऐकून अध्यक्ष जॉन्सन हबकले, अशी आख्यायिका पुढे फार पसरली. वास्तविक जॉन्सन त्या रात्री ऑस्टिनमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते. त्या कार्यक्रमाचे वजन मोठे होते हे खरे, पण एका निवेदकाच्या चार वाक्यांनी युद्ध थांबत नाही. अमेरिकेचे सैनिक त्यानंतरही १९७३ पर्यंत तेथे लढत राहिले.

रोजच्या बातम्यांच्या शेवटी "हे असे आहे" अशा अर्थाचे एक वाक्य म्हणून ते निरोप घेत. त्यांच्याच वरिष्ठांना ते फारसे रुचले नव्हते. अर्ध्या तासात सारे जग असेच आहे, असे म्हणणारे आपण कोण? आक्षेप रास्त होता. क्रॉन्काइट यांनी वाक्य सोडले नाही, पण एक पथ्य पाळले. ज्या दिवशी कार्यक्रम मतप्रदर्शनाने संपे, त्या दिवशी ते वाक्य म्हणत नसत. पथ्य लहान आहे, पण सारे इमान त्यात आले.

त्यांचा बोलबाला कायम होता असेही समजू नये. १९६४ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीची हंटली-ब्रिंकली ही जोडी लोकप्रियतेत पुढे गेली, तेव्हा सीबीएसने डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातून त्यांना बाजूला सारून दुसरे दोघे बसविले. त्यांनी आवाज चढविला नाही की लय वाढविली नाही. आपल्या टेबलाशी परत आले, आणि काही वर्षांत प्रेक्षकही आले. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर यान उतरले, तेव्हा या शब्दांच्या माणसाला शब्दच सुचेनात. चष्मा काढून हात चोळीत ते लहान मुलासारखे हसले. २२ जानेवारी १९७३ रोजी माजी अध्यक्ष जॉन्सन वारले, तेव्हा बातम्या चालू असताना सगळ्या देशासमोर ते फोन कानाला लावून बसले. प्रेक्षकांना 'थांबा' अशी खूण केली, पलीकडचे पूर्ण ऐकून घेतले आणि मग सांगितले. आधी ऐकणे आणि मग सांगणे, हा क्रम त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिला.

१९७२ च्या एका पाहणीत ते देशातले सर्वांत विश्वासार्ह गृहस्थ ठरले, असे नेहमी सांगितले जाते. त्या यादीतली इतर नावे राजकारण्यांची होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आपण सांगावे, त्यांनाही ते आवडले असते. ६ मार्च १९८१ रोजी ते निवृत्त झाले आणि १७ जुलै २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी वारले. चंद्रावरच्या त्या उतरण्याला चाळीस वर्षे पुरी व्हायला तीन दिवस उरले होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मीही आवाज चढविल्यासारखे होईल. त्या काळी अमेरिकेत तीनच मोठ्या कंपन्या होत्या. संध्याकाळी घरोघर तेच दोन-चार चेहरे दिसत. श्रोता उठून जाण्याची भीती कमी असली की विलंबित लय परवडते. शिवाय तो एकाच घराण्याचा आवाज होता, गोऱ्या पुरुषाचा. स्त्रीला रात्रीच्या मुख्य बातम्यांत बरोबरीची खुर्ची १९७६ मध्ये मिळाली, ती बार्बरा वॉल्टर्स यांना, आणि तीही दुसऱ्या कंपनीत. या बाबतीत आपल्याकडे प्रारंभ बरा झाला. दिल्लीत प्रतिमा पुरी यांनी १९६५ मध्येच बातम्या सांगितल्या, आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई केंद्रावर मराठी बातम्या देणाऱ्यांत पुढे अभिनेत्री म्हणून गाजलेल्या स्मिता पाटील होत्या. त्यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा होता. तो चढवून आणा असे त्यांना कोणी सांगितले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर आपण काय गमावले असते, याचा विचार करावा.

आज शेकडो वाहिन्या आहेत आणि प्रेक्षकाच्या हातात कळ आहे. म्हणून प्रत्येकाला वाटते, की आपण जरा थांबलो तर तो निघून जाईल. या भीतीने लय चढते, आणि लय चढली की पट्टीही चढते. हे मी बैठकीत अनेकदा पाहिले आहे. श्रोते चुळबुळ करू लागले की कच्चा गवई द्रुत लयीत पळतो. पण पळणाऱ्याच्या मागे श्रोता जात नाही. बातमीत तर याहून मोठे नुकसान आहे. ज्या लयीत निवेदकाला स्वतःला विचार करायला उसंत नाही, त्या लयीत "अजून दुजोरा नाही" हे तीन शब्द बसतच नाहीत. ते सर्वांत आधी गळून पडतात.

मी काय केले होते, ते मला तेव्हा कळले. त्या मुलीच्या गळ्यातून मी तेच तीन शब्द काढून टाकीत होतो, आणि वर त्याला तालीम म्हणत होतो.

मौन संपले त्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. ती संकोचली, म्हणाली, "गुरुजी, मागितले तर मीच होते." मी म्हटले, "तू मागितलेस, पण नाही म्हणणे माझे काम होते." मग तालयंत्र बंद केले. तानपुरा तिच्या मूळ पट्टीत मिळविला आणि तिला खर्जाचा रियाज दिला. महिनाभराने त्या दिवशीचे वर्तमानपत्र पुढे ठेवून सांगितले, आता मी हाताने ताल धरतो, तू पाऊणपटीत वाच. पहिल्या दिवशी ती चार वेळा लयीतून सुटली. आठव्या दिवशी एकदाही नाही.

ती वाहिनीवर परत गेली आणि आपल्या आवाजात वाचून आली. संध्याकाळची जागा तिला मिळाली नाही. पहाटेच्या दहा मिनिटांच्या बातम्या मिळाल्या. त्या कोण ऐकतो, असे तिच्या घरच्यांना वाटते, आणि पगारही कमी आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि मी त्यांच्याशी वाद घालीत नाही.

मी रियाजाला उठतो त्याच वेळेला त्या बातम्या असतात. परवा दांडिया बाजारातल्या एका वयस्क बाईंनी मला थांबवून विचारले, "मास्तर, पहाटेच्या बातम्यांत ती मुलगी तुमची ना? अहो, तिचे बोलणे यांना यंत्र न लावता ऐकू येते." त्यांचे यजमान कानाने अधू आहेत. मी घरी जाऊन हे विद्यार्थिनीला फोनवर सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मी मात्रा मोजल्या नाहीत.